सराव पाठात फळ्यावर चित्र काढून दाखवावं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू एटीडीच्या, म्हणजे कला शिक्षक पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहेस, पाचवीच्या वर्गावर सराव पाठ होता, ६२ पोरं, ३५ मिनिटांचा तास, विषय 'माझे गाव'. निम्म्या वर्गाने दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि कडेला नारळाचं झाड काढलं, उरलेले "बाई मला येत नाही, तुम्ही काढून दाखवा" म्हणून बसून राहिले. शेवटी तू फळ्यावर काढून दाखवलंस आणि ६२ सारखी चित्रं जमा झाली. निरीक्षकांनी शेरा दिला, 'वर्गनियंत्रण कमी, फलकलेखन उत्तम'. आता पुढचा पाठ सातवीवर, वस्तुचित्र, तांब्या आणि दोन कांदे. आणि तू विचारतेस की फळ्यावर काढायचं का नाही.

तुला 'तू' म्हणून लिहितोय, राग मानू नकोस, माझी पोरगी तुझ्याच वयाची आहे. २७ वर्षं चित्रकला शिकवली, सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत. आणि योगायोग बघ, माझा पहिला सराव पाठ पण तांब्याच होता.

तेव्हा मी घरनं पितळी तांब्या घासून पुसून नेला होता, टेबलावर ठेवला, मागे आईच्या साडीचा पडदा, एकदम परीक्षेचा थाट. फळ्यावर मोठा तांब्या काढला, तोंडाचा लंबगोल असा गोलगरगरीत की माझा मलाच अभिमान. पोरं खाली मान घालून उतरवून घेत होती, वर्ग शांत, मी खूश. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, मला हितनं तोंडच दिसत न्हाई तांब्याचं." मी काय म्हणालो असेन? "फळ्यावर बघून काढ." संपला विषय. निरीक्षकांनी चांगले मार्क दिले.

हे मला खूप वर्षांनी लक्षात आलं, असंच एकदा मागच्या बाकावर बसून पेपर तपासत होतो आणि टेबलावर कुणीतरी पेला ठेवला होता. त्या पोराचं बरोबर होतं गं. तांब्याचं तोंड त्याच्या डोळ्याच्या रेषेत येत होतं, त्याला तिथे लंबगोल नाही तर जवळपास सरळ रेघ दिसत होती. पहिल्या बाकावरच्याला थोडासा चपटा गोल दिसत असणार. आणि मी उभा होतो, मला वरून बघताना भरलेला गोल दिसत होता, तोच मी फळ्यावर काढला आणि ५० बसलेल्या पोरांना माझ्या उंचीवरून दिसणारा तांब्या काढायला लावला. वर्गात एकच पोरगं वस्तूकडे बघत होतं आणि त्यालाच मी सांगितलं की बघू नको.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर, काढून दाखव, पण पुसून टाक. आणि समोर ठेवलेलीच वस्तू काढू नकोस. तांब्या ठेवला असेल तर फळ्यावर बादली काढ, किंवा नुसता पेला. कागदावर वस्तू कुठे बसवायची, आधी हलक्या हाताने मधली उभी रेघ कशी टाकायची, डावी उजवी बाजू त्या रेघेवरून कशी जुळवायची, पेन्सिल जरा मागे धरली की हात कसा मोकळा फिरतो, हे सगळं दाखवायचंच, त्याशिवाय पोराला कळणार कसं. "मुलांना मोकळं सोडा, काही सांगू नका" म्हणणारे पण भेटतात, मला ते पटत नाही. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलायचं आणि मुक्त अभिव्यक्ती म्हणायचं, असं असतंय ते. पण दोन मिनिटात दाखवून झालं की डस्टर फिरवायचा. फळा रिकामा झाला की पोरांना वस्तूकडे बघण्याशिवाय इलाज राहत नाही. पहिल्यांदा सगळे "ओ बाई पुसू नका" म्हणून ओरडतात, ओरडू देत.

आणि पाठाच्या आदल्या दिवशी त्या वर्गात जाऊन चार वेगवेगळ्या बाकांवर स्वतः बसून बघ. खरंच बस. तुझ्या उंचीवरून नाही, त्यांच्या.

आता 'माझे गाव'. हा विषय पाचवीच्या पोराला फार मोठा आहे. मला सांग, तुला कुणी 'माझे जीवन' म्हणून ३५ मिनिटं दिली तर तू काय काढशील? तू पण डोंगर-सूर्यच काढशील. ते दृश्य म्हणजे पोरांची पाठ असलेली कविता आहे, मोठ्या भावाकडून लहान भावाकडे आलेली, कुणी मागितलं की म्हणून दाखवायची. आमच्या भागात तर नदी कोसावर आणि नारळ फक्त देवळात दिसतो, तरी प्रत्येक वहीत नारळाचं झाड. त्यावर बंदी घालू नकोस, बंदी घातली तर ते पोरगं काहीच काढणार नाही, त्याच्याकडे तेवढंच भांडवल आहे.

बंदीपेक्षा प्रश्न विचार. विषय लहान कर आणि आठवण जागी होईल असं विचार. मी एकदा जुलै महिन्यात 'पावसात शाळेत येताना' दिला होता. कागद वाटायच्या आधी पाचेक मिनिटं नुसतं विचारत बसलो. छत्री होती का पोतं? खोळ करून कोण कोण आलं? दप्तर कुठे धरलं होतं, पाठीवर का पोटाशी? पायात काय होतं, आणि चप्पल चिखलात अडकली की कसं काढतोस, करून दाखव. पोरं उठून करून दाखवायला लागली, वर्गात नुसता धिंगाणा, पण त्यानंतर जी चित्रं आली त्यात एक पण डोंगर नव्हता. एकाने चप्पल काढली होती अर्ध्या कागदाएवढी आणि स्वतःला तिच्या शेजारी करंगळीएवढं. एकीने पाऊस घराच्या बाहेर काढलाच नाही, आतच काढला, आणि खाली पातेलं, डबा, परात, सगळी भांडी मांडलेली. मी विचारलं तर म्हणाली, "आमचं गळतंय." एवढंच. मी पण पुढे काही बोललो नाही, चित्र सुकायला ठेवलं.

ती मोठी चप्पल चूक आहे का? प्रमाणाच्या दृष्टीने चूक, पोराच्या दृष्टीने नाही, त्या सकाळी त्याच्यासाठी चप्पलच सगळ्यात महत्त्वाची होती. बालकला म्हणून जो भाग तुम्हाला आहे त्यात व्हिक्टर लोवेनफेल्डचं नाव येत असेल, हा माणूस आधी व्हिएन्नात अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांना शिकवायचा, मग अमेरिकेत गेला, १९४७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मुलांचं चित्र कसं वाढत जातं त्याच्या त्याने सांगितलेल्या पायऱ्या, गिरगोट्या, मग आकारपूर्व, मग ठरीव आकार वगैरे, परीक्षेपुरत्या पाठ करून सोडून देऊ नकोस. तुझा पाचवीचा वर्ग म्हणजे १० ते ११ वर्षं, तिथे एक अवघड वळण असतं. तिसरीतलं पोरगं बिनधास्त काढतं, घराची भिंत असून आतला माणूस दिसतो, गाडीची चारही चाकं दिसतात, त्याला काही वाटत नाही. पाचवी सहावीत त्याला पहिल्यांदा कळतं की आपलं चित्र 'खऱ्यासारखं' दिसत नाही. डोळा पुढे गेला आणि हात मागे राहिला. "बाई मला येत नाही" हे तिथून येतं. म्हणजे ते आळशी नाही, उलट त्याला आता दिसायला लागलंय. आणि नेमकं त्याच वेळी आपण फळ्यावर आपलं सफाईदार चित्र टांगतो, की बघ बाबा, हे असं पाहिजे. मग ते पोरगं कायमचं पेन्सिल खाली ठेवतं.

माझ्याकडून असं एकदा झालंय, सांगतो. बेंदराच्या आठवड्यात सहावीला बैल काढायला दिला होता. एकाने बैलाचं अंग आडवं, कडेनं बघितल्यासारखं, आणि तोंड कडेनंच पण शिंगं समोरून, दोन्ही, छान कमानदार. मी जाता जाता त्याची पेन्सिल घेतली आणि त्याच्याच कागदावर शिंग दुरुस्त केलं, की कडेनं बघितलं की एकामागे एक जातात. ते म्हणालं, "सर, आमच्या बैलाला दोन शिंगं हायती." दोन दिवसांपूर्वी त्याने स्वतः बापाबरोबर ती शिंगं ऑइलपेंटने रंगवली होती, आणि मी त्याला शिंगाबद्दल शिकवत होतो! शिकवलेलं चूक नव्हतं, पण मी त्याच्या कागदाला हात लावला ते चूक. त्यानंतर वर्षभर तो पोरगा माझ्याकडे कोरा कागद घेऊन यायचा, "सर तुम्हीच सुरुवात करून द्या." तेव्हापासून खिशात रद्दी कागदाचे तुकडे ठेवतो. काही दाखवायचं असेल तर शेजारी बसून त्या तुकड्यावर दाखवायचं आणि तुकडा घेऊन पुढे जायचं. पोराच्या कागदावर पोराचीच रेघ.

"येत नाही" वाल्यांसाठी एक युक्ती आहे, सातवीला पण चालते. जुन्या वहीचा पुठ्ठा घे, मधे भोक पाड, त्यातून पेन्सिल खुपसायची, म्हणजे पुठ्ठा हातावर छत्रीसारखा बसतो आणि खालचा कागद दिसत नाही. आता स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत, मुंगी कडेने चालल्यासारखं हळूहळू काढायचं. कागदाकडे बघायचं नाही. तीन मिनिटं. पुठ्ठा काढला की सगळ्यांचेच हात वाकडे आलेले असतात, हुशार पोरांचे पण, सगळा वर्ग हसतो आणि भीती गेलेली असते. पण नीट बघितलंस तर त्या वाकड्या हातात नखं, सुरकुत्या, बोटाची खरी वळणं असतात जी एरवी कधी येत नाहीत. ६२ पुठ्ठे कुठून आणायचे म्हणशील, तर कंपास पेटीचं झाकण किंवा दुमडलेलं वर्तमानपत्र हातावर धरलं तरी काम होतं. आणि त्या दिवशी खोडरबर आधी गोळा कर. अर्धा तास खोडण्यातच जातो पोरांचा, कागदाला भोक पडेपर्यंत.

वेळेचं म्हणशील तर तुझं पाठ टाचण मी डोळ्यासमोर आणू शकतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन. हे सगळं इतिहास-भूगोलाला ठीक आहे, चित्रकलेत पोर हातात पेन्सिल धरतं ते 'उपयोजना'त, आणि तोवर घंटा व्हायला दहा मिनिटं उरलेली असतात. ३५ मिनिटांतली चार-पाच आधीच्या तासाची वही आत ठेवण्यात जातात, शेवटची सात गोळा करण्यात. राहिली किती? २३-२४. त्यातली १५ तरी पोरांच्या हातात राहिलीच पाहिजेत. टाचणात पायऱ्या सगळ्या लिही, मेथडच्या, म्हणजे अध्यापन पद्धतीच्या, सरांना त्या लागतात, पण प्रस्तावना म्हणजे ते पाच मिनिटांचे प्रश्न आणि हेतुकथन म्हणजे एक वाक्य, एवढं पुरे. आणि साहित्य वाटायच्या आधी सगळ्या सूचना देऊन मोकळी हो. एकदा रंग हातात पडला की तुझं कोण ऐकतंय.

रंग वापरणार असशील तर पाण्याची व्यवस्था रंगापेक्षा महत्त्वाची. प्रत्येकाला वाटी देऊ नकोस, सांडलीच म्हणून समज. सहा जणांत एक जड बुडाचा डबा, अर्धाच भरलेला, एक चिंधी, आणि पाणी बदलायला त्या गटातला एकच जण उठेल, त्याचं नाव तू ठरव. पोस्टर कलर असतील तर बाटली कुणाच्या हातात द्यायची नाही, बाटल्यांच्या जुन्या झाकणात थोडाथोडा काढून द्यायचा. लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढाच द्यायचा, काळा तर मी सातवीपर्यंत देतच नाही, सावली म्हटलं की पोरं काळा फासतात.

रंगावरून आठवलं. "बाई, अंगाचा रंग द्या ना" असं म्हणणारं पोर तुला भेटेलच, आणि त्याला हवा असतो तो फिकट गुलाबी खडू. सावळं पोर, आई सावळी, आणि चित्रातली आई गुलाबी. यावर भाषण नको. म्हणायचं, हात कागदाशेजारी ठेव आणि हा रंग बनवून दाखव. लाल, पिवळा, थोडा निळा. पोरं हात एकमेकांशेजारी लावून बघतात, तुझा जास्त पिवळा माझा जास्त लाल, अर्धा तास निघून जातो आणि शिवाय मिश्रण शिकवून होतं.

अजून एक, तुमच्या बॅचमधल्या निम्म्या जणी वारली घेतात ना सराव पाठाला? सोपं असतं म्हणून. दोन त्रिकोण जोडले की माणूस. अगं, वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते, गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा रंग आणि बांबूची काडी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी ही कला कागदावर, कापडावर आणून जगभर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यांच्या चित्रात मासे धरायचं जाळं बघ, हजारो बारीक रेघा, त्यात हवा खेळते. हे सांगायला वेळ असेल तरच वारली घे, नाहीतर ते पण दुसरं डोंगर-सूर्यच होतं.

निरीक्षकांच्या शेऱ्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, पण अगदीच उडवून पण लावू नकोस. गोंगाट दोन प्रकारचा असतो. एक, पोरं चित्राबद्दल बोलतात, "माझा बघ", "तुझी चप्पल केवढी", तो चालू दे. दुसरा, काय करायचं तेच कळलं नाही म्हणून होणारा, तो तुझा दोष. तुझ्या वर्गात दुसरा होता असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, कारण निम्मी पोरं बसून होती. निरीक्षक आले की मी असतो तर त्यांनाच एक कागद दिला असता, बघा सर तुम्हाला हितनं तांब्या कसा दिसतो. तू असलं काही करू नकोस, मार्क जातील.

आणि शाळेत लागल्यावर काय वाढून ठेवलंय ते पण सांगतो. शाळेला तुझ्याकडून शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षांचा निकाल हवा असतो. इंटरमिजिएटची ग्रेड मिळाली की दहावीला ए ला ७, बी ला ५, सी ला ३ गुण वाढून मिळतात, त्यामुळे आठवी नववीचे पालक तुझ्या मागे, आणि पाचवीचा चित्रकलेचा तास गणिताला गेला तरी कुणी विचारत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात तर सहावी ते आठवीला पट १०० च्या वर असेल तरच कलेसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे लहान शाळांत तो पण नाही. मी ग्रेडच्या विरोधात नाही, माझीच कितीतरी पोरं त्या गुणांवर पुढे गेली. पण स्मरणचित्रात भाजी मंडई आली की सगळ्यांची भाजीवाली एकाच गाईडातून उठून आलेली, तोच पदर, तीच टोपली. ज्याने सहावीत चप्पल काढली तो नववीत गाईड पाठ करतो, तर मधे काय झालं ते आपल्यालाच माहीत.

मूल्यमापनाचं विचारलं नाहीस पण लागेल. आठवीपर्यंत चित्रकला सगळी आकारिक मूल्यमापनात, लेखी पेपर नाही, वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. बहुतेक ठिकाणी 'चित्रे सुबक काढतो', 'रंगसंगती चांगली' असं छापील ६२ वेळा उतरवतात. तू निदान आठवड्याला पाच पोरांची खरी नोंद ठेव. 'तांब्याचं बूड आज पहिल्यांदा वळवलं', 'स्वतःहून दुसरा कागद मागितला'. वर्षाखेरीला ती वही वाचशील तेव्हा कळेल कोण पुढे गेलं. आणि भिंतीवर लावायची तर सगळी लाव, सुतळी आणि कपड्याचे चिमटे, पोरांच्या डोळ्याच्या उंचीवर. जागा नसेल तर आलटून पालटून. निवडक पाच लावलीस की उरलेल्या ५७ जणांना निकाल कळतो.

आता तुझा पुढचा पाठ. एक तांब्या टेबलावर ठेवू नकोस. आदल्या दिवशी पोरांना सांग, घरनं तांब्या, लोटी, पेला, जे मिळेल ते आणा. सात-आठ तरी येतीलच, काही स्टीलचे काही पोचे आलेले, पोचा आलेला सगळ्यात भारी, त्याला स्वतःचं तोंड असतं. आठ जणांत एक मधे ठेव. आधी उभं राहून तोंड कसं दिसतं ते बघायला लाव, मग बसून, मग हनुवटी बाकाला टेकवून. गोल, चपटा गोल, रेघ. हे झालं की अर्धा पाठ झाला. मग बुडाकडे बघायला सांग. सातवीतली पोरं बूड सरळ पट्टीने मारतात कारण बाक सपाट आहे हे त्यांना माहीत असतं. तोंड डोळ्याच्या जवळच्या उंचीला, बूड त्याच्या बरंच खाली, म्हणजे बुडाची वळणरेघ तोंडापेक्षा जास्त गोल येणार, हे तू सांगू नकोस, "सरळ आहे का बघ बरं" एवढंच म्हण आणि पुढच्या बाकावर जा. कुणीतरी ओरडेलच.

कांदे दोन कमी पडतील, किलोभर ने. आणि पाणी लागणार असेल तर बादली सकाळीच भरून ठेव, दुपारच्या तासाला शाळेच्या नळाला पाणी नसतं.